एक शब्द तरी बोलायचा होता, बाबा!

"सही कर म्हणजे कर ना, ताई! सरकार आपण होऊन दारात आलंय, आणि तू मक्याचे दाणे सोलत बसलीयस!"

गोन्सालोनं कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नेमका ओल्या मक्याच्या परातीला खेटून ठेवला, आणि रोसाउरानं हातातली सुरी अशी काही आपटली की चुलीपाशी वेटोळं करून झोपलेलं मांजर उडी मारून अंगणात पळालं.

"आधी तो कागद उचल. ओला होईल. सरकारचा कागद आहे, उगाच त्याला आमच्या घराचा डाग लागायचा!"

"ताई..."

"आणि ताई-ताई करू नकोस. ताई आहे हे आज आठवलं तुला!"

कितीतरी वर्षांनी तिचा हा धाकटा भाऊ ह्या घराचा उंबरा ओलांडत होता. बाबा गेले तेव्हा आला होता म्हणायला. पण तोही चर्चच्या अगदी शेवटच्या बाकावर, डोळ्यांना काळा चष्मा लावून बसला आणि खड्ड्यात माती पडायच्या आत गाडी पकडून राजधानीला, किटोला परत गेला होता! आणि आज? आज त्याच्याबरोबर सरकारी गाडी होती, गाडीत ड्रायव्हर होता, अंगावर इस्त्रीचा सूट होता, आणि आल्याआल्या त्यानं सवयीनं तिच्यासमोर... सख्ख्या बहिणीसमोर!... आपलं कार्ड ठेवलं होतं. 'गोन्सालो तामारीस विंतिमिया, वकील.'

रोसाउरानं ते कार्ड ओल्या बोटांच्या चिमटीत धरून पुन्हा एकदा वाचलं. परवापरवापर्यंत हा गृहस्थ नुसता 'विंतिमिया' होता. आईचं आडनाव तेवढं ठेवून बापाचं त्यानं वकिलीच्या पाटीवरून, लग्नाच्या पत्रिकेवरून, मुलांच्या नावांवरूनसुद्धा पुसून टाकलं होतं. आणि आता सरकारनं बापाला थोर ठरवल्याबरोबर ते आडनाव परत उगवलं होतं!

"सापडलं वाटतं तामारीस? कुठं पडलं होतं इतकी वर्षं? सोफ्याखाली?"

गोन्सालोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो रागावला नाही. "ताई, ऐकून तर घे. उद्या चौकात सत्कार झाला की बाबांना राजधानीत न्यायचंय. मोठमोठ्या लोकांच्या दफनभूमीत जागा दिलीय त्यांना. संगमरवरी शिळा. फक्त थोरल्या अपत्याची संमती लागते. तेवढी तुझी सही..."

"जिवंत होते तेव्हा किटोहून आपल्या ह्या ग्वालासेओचा रस्ता तुला सापडत नव्हता! आता त्यांची हाडं शेजारी हवीत, होय? म्हणजे रविवारी बायकोला घेऊन गाडीतून उतरलं, फुलं ठेवली, फोटो काढला, झालं!"

"तुला सगळंच ठाऊक आहे असं समजू नकोस, ताई."

"मग सांग ना! सांग की! कोण नको म्हणतंय?"

गोन्सालोनं तोंड उघडलं... आणि मिटलं. खिडकीबाहेरच्या पीचच्या झाडाकडे बघत तो नुसता उभा राहिला. आणि रोसाउराच्या मस्तकात तिडीक उठली! हेच... नेमकं हेच! बाबाही असेच उभे राहायचे, ह्याच खिडकीपाशी, असेच ओठ घट्ट मिटून. ह्या घरातल्या पुरुषांना देवानं जीभ दिली होती ती फक्त सूप गरम आहे की गार ते बघायला!

तिनं दाण्यांची परात उचलली आणि भावाकडे पाठ फिरवली. कागद टेबलावर तसाच पडून राहिला.

*

महायुद्ध पेटलं त्या हिवाळ्यात लेओनिदास तामारीस बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात आपल्या देशाचे, इक्वादोरचे वाणिज्यदूत होते. काम तसं साधंच होतं: इथून जाणारा कोको आणि आमच्या गवती टोप्या जहाजातून नीट उतरल्या की नाही ते बघायचं, कागदांवर शिक्के मारायचे, संध्याकाळी बायकोमुलांबरोबर धक्क्यावर फिरायला जायचं. आणि मग एके सकाळी कचेरीच्या जिन्यावर माणसं बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली. मग रस्त्यावर, बर्फात, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना घेऊन... जर्मनीतून, ऑस्ट्रियातून जीव मुठीत धरून पळालेली ज्यू माणसं! त्यांना कुठल्याही देशाचा शिक्का हवा होता. कुठल्याही. इक्वादोर नकाशावर कुठं आहे, हेसुद्धा त्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

राजधानीचा हुकूम स्पष्ट होता. शेती करणारा असेल त्यालाच परवाना. बाकी ज्यूंना नाही. लेओनिदासनी तो हुकूम वाचला, दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी शिक्का हातात घेतला. त्या हिवाळ्यात त्यांच्या कचेरीतून शिंपी शेतकरी होऊन बाहेर पडले, दातांचे डॉक्टर शेतकरी होऊन बाहेर पडले, आयुष्यात कुदळ न धरलेले प्राध्यापक 'बटाटे व मका पिकवणारे' होऊन बोटीवर चढले!

रोसाउरा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. शाई सुकवायला ती वडिलांच्या शेजारी बसायची. घरात पाय ठेवायला जागा नसायची. तिच्या पलंगावर कुठली तरी आजी कण्हत असायची, आणि ती स्वतः आईच्या पायाशी सतरंजीवर झोपायची. एकदा तर कहरच झाला. तिचा नवा कोट, गडद निळा, चांदीच्या रंगाच्या बटणांचा, वाढदिवसाला घेतलेला, तिनं एकदाच घातला होता... तो खुंटीवर नव्हता! बाबांनी तो जिन्यावर कुडकुडणाऱ्या एका मुलीच्या अंगावर घातला होता.

"बाबा! तो माझा होता!"

"हो गं. म्हणून तर दिला. दुसऱ्याचा कसा देणार?"

रोसाउरानं पाय आपटत जुना, आखूड झालेला कोट चढवला.

वसंत लागता लागता राजधानीतून तार आली. नोकरी गेली, पेन्शन गेली, आणि बोटीनं, मग आगगाडीनं, मग खेचरांवरून हे कुटुंब ग्वालासेओला परतलं, तोवर त्यांच्या आधी अफवा येऊन पोचली होती. लेओनिदासनं म्हणे शिक्के विकले! एकेका शिक्क्यामागे सोनं घेतलं, हिरे घेतले! मग हे लोक ठिगळांचे कपडे का घालतात? अहो, सोंग! सोनं पुरलंय! एका रविवारी सगळे चर्चमध्ये असताना कुणीतरी येऊन पीचच्या झाडाभोवती खणूनही गेलं. झाड जगलं हे त्याचं नशीब.

आणि बाबा? बाबा काही बोलले नाहीत! ना पाद्र्याजवळ, ना वर्तमानपत्रात, ना आईजवळ. चौकशीला बोलावलं तेव्हा म्हणे विचारलं, 'कोणाकोणाला कागद दिले ते सांगा, प्रत्येकाचा खुलासा करा, तुमची बाजू ऐकून घेऊ.' बाबा उठून उभे राहिले, टोपी घातली, आणि घरी आले. बस! रोसाउरा त्यांच्या पुढ्यात हात जोडून रडली होती. "एकदा तरी सांगा ना, बाबा, की पैसा घेतला नाही! आमच्यासाठी सांगा!" ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे, बाळ."

ज्यांना ठाऊक आहे! अहो, पण दुकानदाराला ठाऊक नव्हतं. घरमालकाला ठाऊक नव्हतं. कुएंका शहरातल्या एर्नानच्या आईला तर मुळीच ठाऊक नव्हतं! एर्नानशी रोसाउराचं लग्न ठरलं होतं, आणि त्याची आई येऊन, गोड हसून म्हणाली होती, "मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त चर्चमध्ये तिचा हात धरून वडिलांनी येऊ नये. मामा आणतील. लोक बघतात हो!" रोसाउरानं त्याच संध्याकाळी अंगठी परत धाडली. आणि हे कळल्यावर बाबा काय म्हणाले असतील? "अगं, कशाला मोडलंस? मी मागच्या बाकावर बसलो असतो की!"

त्या दिवशी तिनं वडिलांवर इतका त्रागा केला, इतका त्रागा केला, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती गवत भिजवून टोपी विणायला बसली. ऊन चढलं की गवत वाळतं, तुटतं. म्हणून गारव्यातच विणावं लागतं. वाणिज्यदूताची लेक दारात बसून टोप्या विणते, हे बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम तिकडून जायचे. पुढं सवय झाली. तिच्या बोटांवर घट्टे पडले, गवताच्या वासानं तिचे केस कायमचे भारले, आणि त्या टोप्यांवर गोन्सालो शिकला. ग्वालासेओत शिकला, मग कुएंकात कायदा शिकायला गेला... आणि तिथं गेल्याच्या पहिल्याच वर्षी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. 'मी, खाली सही करणार, जाहीर करतो की लेओनिदास तामारीस नामक सदर इसमाशी, त्याच्या व्यवहारांशी वा आडनावाशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही.'

आईनं ती वाचली आणि अंथरूण धरलं. वर्षाच्या आत ती गेली. बाबांनी मात्र कॉफीचा कप खाली ठेवून ते पान नीट घडी करून बाजूला सारलं... आणि चक्क म्हणाले, "अक्षरांच्या चुका नाहीत हो एकही!"

रोसाउरानं त्या दिवशी मनाशी गाठ मारली. ह्या जन्मी भावाला क्षमा नाही.

*

आणि आता हे सगळं! गेले पंधरा दिवस घरात नुसता उच्छाद होता. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं चौकशी केली, साक्षी घेतल्या, बाबांचं नाव थोर माणसांत घातलं; मग राजधानीला जाग आली; मग ग्वालासेओला आली. नगराध्यक्ष टेप घेऊन चौक मोजून गेले. ह्याच माणसाचा बाप दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा! पाटी तयार होऊन आली ती 'लेओनार्दो तामारीस' अशी.

"लेओनार्दो कोण?" रोसाउरानं विचारलं.

"अहो, एकदोन अक्षरांचा तर फरक! लोकांना भावना कळते," नगराध्यक्ष म्हणाले.

"मग तुमच्या नावातली एकदोन अक्षरं मी बदलू का? बघू, लोकांना काय कळतं!"

किटोहून एक वार्ताहर मुलगी आली होती. तिनं टेपरेकॉर्डर पुढं धरून, डोळे मोठे करून विचारलं, "आपल्या वडिलांच्या त्यागाबद्दल काय वाटतं?"

"त्याग त्यांनी केला," रोसाउरा म्हणाली, "पण भाकरी माझ्या ताटातली होती. हे लिहिणार आहेस का? नाही ना? मग बंद कर ते यंत्र."

त्या दुपारी, गोन्सालोचा कागद टेबलावर तसाच पडलेला असताना, दारावर पुन्हा थाप पडली. रोसाउरानं वैतागून दार उघडलं. "काय आहे? पाटी परत चुकली?"

दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती, काठी टेकत. रोसाउराहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. बोलणं आमच्याकडचंच, डोंगरातलं. पण डोळे मात्र निळे.

"रोसाउराबाई... मी रेगिना. रेगिना झिल्बर. तुमचा कोट मी नेला होता."

रोसाउरा तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं ह्या मुलीला मनातल्या मनात किती बोल लावले होते, आणि आता ती चक्क म्हातारी होऊन समोर उभी होती!

"नवा होता तो," शेवटी ती एवढंच म्हणाली. मग भानावर येऊन खुर्ची ओढली. "बसा. कुठून आलात? इतका प्रवास करून, अमेरिकेहून?"

"नाही हो. आंबातोहून."

"आंबातो?" रोसाउराचा आवाज चढला. "आपलं आंबातो? हे इथलं? कधीपासून?"

"पहिल्यापासून. वडिलांनी घड्याळांचं दुकान टाकलं. आम्ही तिथंच वाढलो. मुलं, नातवंडं, सगळे तिथंच."

रोसाउराच्या संतापाला वाट फुटली. "एका दिवसाच्या वाटेवर! इतकी वर्षं तुम्ही एका दिवसाच्या वाटेवर होता, आणि कुणाला यावंसं वाटलं नाही? लोक आमच्या अंगणात सोनं शोधत होते, बाई! तुमच्यातला एक माणूस... एक!... येऊन चौकात उभा राहून म्हणाला असता, की ह्यांनी आमच्याकडून छदाम घेतला नाही, तर माझी आई... माझं लग्न..."

रेगिनानं काठी भिंतीला टेकवली. "यायचं होतं. दर वर्षी यायचं होतं! त्यांनीच येऊ दिलं नाही."

"कुणी?"

"तुमच्या वडिलांनी."

परसदारी उभा असलेला गोन्सालो हे ऐकून आत आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"ते दर वर्षी आंबातोच्या बाजाराला यायचे," रेगिना सांगू लागली. "टोप्या विकायला. आमच्या दुकानात येऊन बसायचे, आई त्यांना चहा द्यायची. आम्हा सगळ्यांची चौकशी करायचे. कोण शिकतंय, कोण आजारी आहे... वडील त्यांच्या पाया पडायचे. म्हणायचे, साहेब, मला ग्वालासेओला येऊन साक्ष देऊ द्या. तर ते म्हणायचे, 'झिल्बर, तुझ्या कागदावर मी काय लिहिलंय? बटाटे पिकवणारा. बाहेर पाटीवर काय आहे? घड्याळजी. तू साक्षीला उभा राहिलास की पहिला प्रश्न हाच येईल. आणि एकाचा कागद खोटा ठरला की शोध सगळ्यांचा लागेल. तुम्हाला बोटीवर बसवून परत धाडतील.' परत कुठं, रोसाउराबाई? आमच्या गल्लीत परत जायला कुणी उरलं नव्हतं! युद्ध संपल्यावर आम्ही पुन्हा विचारलं. म्हणाले, 'हुकूम अजून तोच आहे, माणसंही तीच आहेत. थांबा.' थांबायची सवयच लागली मग. माझे वडील मरेपर्यंत पलंगाखाली बॅग भरून ठेवायचे. ते गेले, माझा नवरा गेला, तेव्हा कुठं मी धीर करून त्या संस्थेला साक्ष दिली. फार उशीर केला. मला कळतंय. फार..."

चुलीवर मका शिजत होता.

रोसाउराला आठवत होतं. दर वर्षी बाबा टोप्यांचं गाठोडं घेऊन आंबातोला जायचे. आणि परतल्यावर ती किती करवादायची! इथं दारात गिऱ्हाईक येतं, तर हे हाडं खिळखिळी करून घेत परगावच्या बाजारी जातात! बाबा पाय चेपत, हसत म्हणायचे, "जरा हवापालट गं."

म्हणजे चौकशीत त्यांनी तोंड उघडलं असतं, एक नाव घेतलं असतं, तर ते स्वतः सुटले असते... आणि ती माणसं बुडाली असती! पहिल्यांदा त्या माणसांना वाचवायला बाबांनी स्वतःची नोकरी घालवली. दुसऱ्यांदा वाचवायला अब्रू दिली. आणि ही दुसरी किंमत, घरातल्या कुणालाही न सांगता, वर्षानुवर्षं, रोज...

ती उठली. शाल घेतली. "मक्याकडे बघा," असं कुणालातरी म्हणाली आणि डोंगरावरच्या दफनभूमीची वाट चढू लागली.

*

"झालं समाधान?" थडग्यावरचं वाळलं गवत दोन्ही हातांनी उपटत रोसाउरा बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. "सगळ्या जगाची काळजी तुम्हाला! झिल्बरची काळजी, त्याच्या पोरांची काळजी! आणि मी? मी काय चौकात जाऊन ओरडणार होते? शाई तर मीच सुकवत होते ना तुमची! माझ्यावर भरवसा नव्हता? मी तुम्हाला किती टाकून बोलले, बाबा... अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा सूप देताना बोलले! एक शब्द... एक शब्द तरी बोलायचा होता, बाबा! मग मी रागावले नसते हो... बरं, रागावले असते. पण कशासाठी रागावतेय ते तरी कळलं असतं!"

मागं पावलं वाजली. गोन्सालो चढ चढून धापा टाकत उभा होता. त्याचे बूट चिखलानं भरले होते.

"ताई, मलाही एक सांगायचंय. बाबांनी नको सांगू म्हटलं होतं. पण आता... ती नोटीस मी लिहिली नव्हती."

"सही तुझी होती!"

"सही माझी. शब्द बाबांचे." तो खाली, ओल्या गवतावरच, सुटासकट बसला. "त्या वर्षी मला कॉलेजातून काढणार होते. सरळ सांगितलं, तामारीसच्या मुलाला वकील होता येणार नाही, नाव तोड नाहीतर घरी जा. मी घरीच यायला निघालो होतो, ताई. बाबांना तसं कळवलंही होतं. तर ते स्वतः कुएंकाला आले. नदीकाठी बाकावर बसवलं मला आणि म्हणाले, कागद काढ. मी नाही म्हटलं. मी रडलो. ते म्हणाले, 'तुझी ताई पहाटे उठून विणते ती तू टोप्या विणाव्यास म्हणून नाही.' आणि मजकूर सांगायला लागले. अगदी स्वल्पविरामासकट. मी 'माझे वडील' लिहिलं, तर खोडायला लावलं. म्हणाले, 'सदर इसम' लिही, वकिली भाषा अशीच असते..."

रोसाउराच्या हातातलं गवत गळून पडलं.

"आणि वर म्हणाले, ताईला सांगू नकोस. ती येऊन तुझा कान धरेल आणि कॉलेजच्या दारातच कागद फाडायला लावेल."

"लावला असता!" रोसाउरा ओरडली. "फाडायलाच लावला असता!"

"म्हणूनच ना."

रोसाउरानं पदरानं डोळे पुसले. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पण मग वकील झाल्यावर तरी यायचंस. बाबा आजारी पडले... तरी तू आला नाहीस, गोन्सालो."

त्यानं मान वर केली नाही. "नोटीस बाबांची होती, ताई. नंतरची सगळी वर्षं मात्र माझी. आधी भीती वाटायची कुणी बघेल म्हणून. मग चांगलं चाललं होतं, कशाला ढवळायचं म्हणून. मग तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहू म्हणून. आणि आता वाटलं, राजधानीत नेऊन मोठी शिळा बसवली तर... तर कदाचित..."

रोसाउरानं त्याच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत! टोप्या विणून राकट झालेला तो हात आपल्या गालावर पडला तरी गोन्सालो हलला नाही. आणि मग त्याच हातानं तिनं त्याचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं, आणि ते दोन म्हातारे भाऊबहीण बापाच्या थडग्यापाशी लहान मुलांसारखे हमसून हमसून रडले.

"ते इथून हलणार नाहीत," बऱ्याच वेळानं नाक पुसत ती म्हणाली.

"नाही हलणार."

"आणि ऊठ आता. पँट बघ काय केलीस ती! वकील म्हणे!"

*

रविवारी चौकात बँड होता, झेंडे होते, पाद्री होते, आणि दुरुस्त केलेल्या पाटीवर रंग अजून ओला होता. राजधानीचे पाहुणे लांबलचक बोलले. मग पदक घ्यायला गोन्सालोला बोलावलं. त्यानं टाईप केलेलं भाषण खिशातून काढलं, उलगडलं, आणि पुन्हा खिशात घातलं.

"मी एकदा वर्तमानपत्रात छापलं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा वकिली आवाज पार फाटून गेला, "की सदर इसमाशी माझा काही संबंध नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वाचलं असेल. आज मला सांगायचंय... सदर इसम माझे वडील होते. आणि त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं ते मी नाही, माझ्या बहिणीनं. पदक तिला द्या."

चौकात कुणाला काय करावं सुचेना. नगराध्यक्षांनी चुकीच्या वेळी टाळ्या सुरू केल्या आणि आपणच थांबले. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी, जिनं वर्षानुवर्षं रोसाउराला बाजारात ओळख दिली नव्हती, ती उभी राहिली; मग तिच्या शेजारची; मग हळूहळू सगळा चौक उभा राहिला. रोसाउराच्या हातात मखमली पेटी आली. ती कशी धरायची तेच तिला कळेना. गर्दीकडे बघताना तिच्या मनात एवढंच येत होतं की आई असती तर तिनं आज केस नीट विंचरले असते... आणि बाबा मागच्या बाकावर जाऊन बसले असते.

पण शोक करायला सवड कुणाला होती! रेगिनाचं सगळं कुटुंब आंबातोहून बस करून आलं होतं: मुली, जावई, सुना, नातवंडं, पतवंडं... आणि ते सगळेच्या सगळे जेवायला घरी येणार होते. रोसाउरानं पहाटेपासून अख्खं डुक्कर भट्टीत भाजायला लावलं होतं. ते बाहेर काढून ताटं मांडली, तेव्हा कुठं रेगिना तिच्या कानाशी लागून, संकोचानं म्हणाली, "रोसाउराबाई, आम्ही... म्हणजे आम्हा ज्यूंना डुक्कर चालत नाही हो..."

रोसाउरानं कपाळावर हात मारला. "ह्यांच्यापायी इतकी वर्षं अर्धपोटी काढली, आणि आता जेवायला घातलं तर ह्यांना डुक्कर चालत नाही! आधी सांगायला काय झालं होतं? तुम्हालाही बाबांचीच सवय लागलीय! गोन्सालो! अरे गोन्सालो! तो कोट काढ आणि बटाटे सोल. मोठ्या पातेल्यात सूप टाकते. चीज चालतं ना? चालतं? देवाची कृपा!"

भट्टीतलं डुक्कर शेजाऱ्यांकडे गेलं. पीचच्या झाडाखाली पोरांचा गोंधळ माजला. कुणी मांजराच्या मागं, कुणी टोपीचं भिजवलेलं गवत डोक्याला गुंडाळून. चार-पाच वर्षांची एक निळ्या डोळ्यांची चिमुरडी मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत बाह्या दुमडून, घामाघूम होऊन, चष्म्यावर वाफ धरलेला एक वकील भलामोठा डाव दोन्ही हातांनी धरून सूप ढवळत होता, आणि निम्मं चुलीत सांडत होता.

"आजी," त्या मुलीनं रोसाउराच्या परकराला धरून विचारलं, "तो माणूस कोण आहे?"

रोसाउरानं आत पाहिलं. नेहमीसारखंच करवादत ती म्हणाली,

"तो होय? तो माझा धाकटा भाऊ. त्याला साधं सूप ढवळता येत नाही!"